येझदी २५० चं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) घरी कसं लावायचं? किक उलटी मारते, नाहीतर गाडी मरगळते

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी. आप्पांची म्हणजे माझ्या वडिलांची १९७६ची येझदी २५० आहे, सहा व्होल्ट, पॉइंटवाली (म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट). सावद्याच्या स्टेशनावर केळीच्या वॅगन भरायच्या त्या दिवसांत आप्पा रोज हिच्यावरच जायचे, नंतर पंधरा-सोळा वर्षं गोठ्यात गोणपाटाखाली पडून होती. मागच्या दिवाळीत बाहेर काढली, टाकी आतून साफ केली, कार्ब्युरेटर खोलून धुतला, नवीन बॅटरी टाकली, आणि नवव्या का दहाव्या किकला धडधडली. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त हात धुऊन आले, टोपी घातली आणि सीटवर जाऊन बसले.

आता रडगाणं. सुरुवातीपासून किक मधेच अशी उलटी मारायची की आप्पांची पोटरी दोन वेळा काळीनिळी झाली. तालुक्याच्या एका मेस्त्रीकडे नेली, त्याने इंजिन चालू ठेवूनच पॉइंटची प्लेट मागेपुढे केली आणि जिथे आवाज "टणक" लागला तिथे स्क्रू आवळला. सपाटीला गाडी पळायची भारी, पण पालच्या चढाला लागलो की आतून कडकडकड आवाज आणि दम गायब. एकदा थांबून बघितलं तर हेडवर थुंकी टाकली की चर्रर्र. आणि किक उलटी मारणं तर आणखीच वाढलं.

मग माझा आतेभाऊ म्हणाला की टायमिंग २ मिमी असतं, सायकलच्या आरीने मोजून लावून देतो. दिलं लावून. किक उलटी मारणं जवळपास बंद झालं पण गाडी आता म्हशीसारखी चालते, पन्नासच्या पुढे जायला मागत नाही, पेट्रोल पिते आणि सायलेन्सरचा पाइप बेंडाजवळ निळा पडला.

अजून दोन बारीक गोष्टी सांगून ठेवतो, त्यांचा टायमिंगशी संबंध आहे का नाही देव जाणे. कधी कधी रेस सोडली तरी इंजिनचा वेग लगेच उतरत नाही, दोन-तीन सेकंद तसाच गुंगुं करत राहतो. आणि पॉइंट साफ केले की पंधरा दिवसांत परत काळपट तेलकट होतात.

माझ्याकडे व्हर्नियर आहे, फिलर गेज आहे, मल्टिमीटर आहे, डायल गेज नाही. नेमका आकडा किती आणि घरी कसं मोजायचं? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी येतात, भाचे येतात, तेव्हा आप्पांना गावातून एक चक्कर मारायची आहे, तोंडाने बोलत नाहीत पण रोज सकाळी गाडी पुसून राहिले.

आरडी_धुळे

भाऊ तुझ्या आतेभावाचा २ मिमीचा आकडा कुठून आला ते मी सांगतो, तो राजदूत ३५० चा आहे. माझ्याकडे आहे ती गाडी, तिला २.० मिमीच असतं, दोन्ही सिलिंडरला वेगवेगळं लावावं लागतं कारण पॉइंटचे दोन सेट आहेत. पण तो आकडा येझदीला लावायचा म्हणजे माझी चप्पल तुझ्या आप्पांना.

कारण बघ. मिमी हे पिस्टन किती खाली आहे त्याचं माप आहे आणि ठिणगीला खरं कळतं ते क्रँक किती अंशात आहे ते. राजदूत ३५० चा स्ट्रोक ५४ मिमी, येझदीचा ७५. ५४ च्या स्ट्रोकला वरच्या टोकाआधी २ मिमी म्हणजे साधारण २० अंश. तेच २० अंश ७५ च्या स्ट्रोकला मोजले तर पिस्टन २.९ च्या आसपास खाली असतो. म्हणजे दोन्ही गाड्यांचं म्हणणं एकच, फक्त पट्टी वेगळी. तुझ्या गाडीला २ मिमी लावलं तर ते १७ अंशांच्या आत येतं, ठिणगी उशिरा पडणार, अर्धं जळणं पाइपातच होणार, पाइप निळा पडला तो त्याचमुळे.

येझदीचं लावायचं कसं ते मात्र तात्याच सांगतील, माझा हात त्या डायनॅमोत कधी गेला नाही.

तात्या_भुसावळ

आलो. दोन दिवस नातवाकडे होतो.

रेल्वेत ३१ वर्षं फिटर होतो आणि घरात जावा १९६९ पासून आहे, म्हणून जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तर सोडून दे. आधी एक गोष्ट. कानाने टायमिंग लावणारे पूर्वी होते, पण ते आधी मोजून लावायचे आणि मग कानाने तपासायचे. रिकामं इंजिन उभ्या जागी टणटणीत वाजतं ते ठिणगी लवकर पडली की वाजतंच, त्याच्यावर जाऊ नको, चढावर दोन माणसं बसली की मग खरा हिशोब निघतो.

पहिलं काम पॉइंटचं, टायमिंगचं नाही. उजवीकडचं कव्हर काढ. पॉइंटची दोन तोंडं समोरासमोर सपाट बसतात का बघ, एकावर टेकाड आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर बारीक कानसने टेकाड उतरव आणि पेट्रोलच्या फडक्याने पूस. क्रँक फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडतात तिथे आण आणि ०.४ चं फिलर घाल, जाताना हलकं अडलं पाहिजे, ढकलावं लागलं नाही पाहिजे. हे आधी का, तर गॅप बदलली की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात म्हणजे ठिणगी लवकर, कमी केली की उशिरा. लोक आधी टायमिंग लावतात आणि शेवटी गॅप "जरा नीट" करतात, सगळी मेहनत पाण्यात.

आता मोजायचं हत्यार. डायल गेज पाहिजेच असं नाही. एक जुना प्लग घे, आतली पांढरी चिनीमाती फोडून काढ, खालची वाकडी दांडी काप, आणि लेथवाल्याकडून आत पितळेचा बुश बसवून घे ज्याच्यातून जाडशी गोल सळई सरळ सरकेल, डगडगायला नको. सळईचं टोक गोल करून घे, पिस्टनला ओरखडा नको. हा प्लग हेडला हाताने बसव. पिस्टन वर आला की सळई वर येते. ती प्लगच्या वर किती निघाली ते व्हर्नियरने मोज. समज सगळ्यात जास्त १८.६ भरली, तर १५.६ ला पिस्टन ३ मिमी खाली आहे. एवढंच गणित.

लोक टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक, सापडत नाही म्हणून रडतात. वरच्या टोकाला क्रँक फिरते आणि पिस्टन हलतच नाही, हे खरंच आहे, पण म्हणूनच उंची चांगली सापडते. कोनात चार अंश इकडेतिकडे झालं तरी उंची तीच राहते आणि आपल्याला उंचीच पाहिजे.

पण तुझ्या हेडला प्लगचं भोक सरळ उभं आहे का तिरकं ते नजरेने बघ. तिरकं असेल तर सळईवरचे ३ मिमी म्हणजे पिस्टनचे ३ मिमी नाहीत. भोक २० अंश कललेलं असेल तर पिस्टन ३ उतरला की सळई ३.२ उतरते, आणि पिस्टनचा माथा फुगीर असल्याने त्यात आणखी बारीक फरक. मी काय केलं, एकदा हेड उतरवलं, पिस्टनच्या बरोबर मधोमध ३ मिमी मोजलं, आणि तिथे आर्मेचरवर (डायनॅमोचा फिरणारा भाग) आणि समोरच्या बॉडीवर सुईने एकच रेघ ओढली. तेव्हापासून हेडला हात नाही, रेघ जुळली की ३ मिमी. हेड गॅसकेट नवीन टाकायचं असेल तेव्हा हे करून घे.

आकडा विचारलास, मी ३ ला ठेवतो. पॉइंट नवीन असतील तर ३.२ ला ठेवतो कारण पॉइंटची फायबरची टाच घासली की गॅप कमी होते आणि टायमिंग स्वतःच मागे येतं. त्याच्या पुढे जात नाही.

पॉइंट नेमके कधी उघडले हे डोळ्याने दिसत नाही. पूर्वी आम्ही सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचो आणि हलका ओढत राहायचो, सुटला की उघडले. तुझ्याकडे बॅटरी आहे तर बल्ब लाव, सहा व्होल्टचा छोटा इंडिकेटरचा बल्ब, एक वायर पॉइंटच्या वायरला आणि दुसरी इंजिनच्या अंगाला. चावी ऑन. पॉइंट मिटलेले असतील तर करंट त्यांच्यातूनच अर्थला जातो, बल्ब विझलेला. उघडले की बल्ब पेटला. पेटला तो क्षण म्हणजे ठिणगी. दोन सावधगिरी, पेट्रोलचा कॉक बंद ठेव आणि कॅपमधला प्लग हेडच्या भोकापासून लांब फिन्सला टेकवून ठेव, भोकातून वाफ येते आणि तिथेच ठिणगी उडाली तर भुवया जातील. आणि चावी ऑन करून चहाला जाऊ नको, पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून बसेल.

मग गाडी स्टँडवर, चौथा गिअर, मागचं चाक हाताने फिरव. आधी उलटं फिरवून पिस्टन पाच-सहा मिमी खाली ने, मग सरळ दिशेने हळूहळू वर आण, चेनची सगळी ढील निघून जाते. मोजमाप नेहमी पुढे येतानाच घ्यायचं. उजवीकडून बघितलं तर क्रँक घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. म्हणून प्लेट काट्यांच्या उलट सरकवली की ठिणगी लवकर, काट्यांच्या दिशेने सरकवली की उशिरा. केसभर सरकव आणि परत मोज. स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा मोज, आवळताना प्लेट नेहमी थोडी चोरून सरकते. आर्मेचरच्या बोल्टला पाना लावून उलटं फिरवू नको, तो बोल्ट सुटतो आणि मग नवीनच पुराण.

तीन वेळा मोज. तिन्ही वेळा तोच आकडा आला पाहिजे. ह्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नको.

अमळनेरचा_बापू

तात्यांचं बरोबर आहे पण आपल्या खानदेशात पुस्तकी ३ मिमी चालत नाही असं माझं मत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला जातो, तेव्हा अर्धा मिमी मागे घ्यायचं, २.५ ला ठेवायचं, इंजिन थंड राहतं. आमच्याकडे सगळे हेच करायचे.

तात्या_भुसावळ

बापू, भुसावळला पारा किती जातो ते मला नका सांगू, मी लोको शेडच्या पत्र्याखाली उन्हाळे काढलेत.

टायमिंग मागे घेतलं की नॉकिंग, म्हणजे ती आतली कडकड, कमी होतं हे खरं. पण इंजिन थंड राहतं हे खोटं. जळायला उशीर झाला की ती आग पिस्टनला ढकलायच्या ऐवजी एक्झॉस्ट पोर्टातून बाहेर पळते, पोर्ट तापतो, पिस्टनची त्या बाजूची कड तापते, पाइप तापतो. वरून गाडीला दम नाही म्हणून माणूस रेस जास्त ओढतो. केळीवाल्याचा पाइप निळा कुठल्या टायमिंगला पडला बघा की, २ ला पडला, पुढे असताना नाही.

उन्हाळ्यात टू-स्ट्रोक जपायची तर ऑइल नीट घाला, मी लिटरला ४० मिली घालतो, सिलिंडरच्या फिन्समधला चिखल खरवडा आणि दुपारी बाराला पारोळ्यापर्यंत उडवत जाऊ नका.

अमळनेरचा_बापू

हाहा तात्या मानलं. पारोळ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं 😄

शहाद्याचा_भाचा

किक उलटी मारते यावरून आठवलं, विषयाला सोडून आहे पण सांगतोच. मामाची जावा होती, टायमिंग असंच खूप पुढे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो, घोडे बघून झाले, शेव-मुरमुरे खाऊन झाले, निघायला किक मारली तर अर्धवट लागली, इंजिन "फट" करून चालू झालं. मामाने मला मागे बसवलं, पहिला टाकला, क्लच सोडला आणि गाडी चक्क मागे गेली!! मागे एक बाई भरताची वांगी घेऊन बसली होती, थेट तिच्या टोपलीत. मामा पहिलाच गिअर बघतोय, परत टाकतोय, परत मागे. लोकांना वाटलं मामा प्यायलाय. वांग्यांचे पैसे दिले ते वेगळेच.

नंतर कळलं की टू-स्ट्रोकचं इंजिन उलटंही चालू शकतं, त्याला व्हॉल्व्ह-बिल्व्ह नसतात, पोर्ट दोन्ही बाजूंनी फिरताना सारखेच उघडतात, फक्त ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी जोरात पडली आणि किकमध्ये दम कमी असला की पिस्टन अर्ध्या वाटेतून माघारी फिरतो आणि तसाच फिरत राहतो. म्हणून भाऊ, आप्पांना सांग, किक घाबरत-घाबरत अर्धी मारायची नाही, पूर्ण मारायची.

केळीवाला_रावेर

सगळ्यांचे आभार, भाच्याची वांगी वाचून आप्पा पहिल्यांदा हसले.

तात्या, तुम्ही सांगितलं तसंच केलं. जुना प्लग फोडला, फैजपूरच्या एका लेथवाल्याने पितळेचा बुश बसवून दिला, पन्नास रुपये घेतले आणि हे कशाला पाहिजे म्हणून अर्धा तास गप्पा मारल्या. हेड उतरवून मधोमध मोजलं, आर्मेचरवर रेघ ओढली. पॉइंटची गॅप ०.४. बल्ब लावला.

आता गंमत ऐका. पहिल्यांदा बल्ब ३.० ला पेटला, मी खूश. खात्रीसाठी परत फिरवलं तर २.७. परत केलं तर ३.४. प्लेटला हात लावलेला नाही, स्क्रू घट्ट आवळलेले, चाक दरवेळी पुढेच फिरवत आणलंय. दहा वेळा मोजलं असेल, कधी २.७, कधी ३.१, कधी ३.४, मधे एकदा ३.५ पण आलं. गॅप परत बघितली तर ती पण कधी ०.४ चं फिलर सैल जातं कधी जातच नाही. पॉइंट बदलून नवीन टाकले तरी तेच. डोकं फिरायची वेळ आली. माझं मोजायचं काही चुकून राहिलंय का?

गिरणाकाठची

तुमचं मोजणं चुकत नाहीये दादा, उलट फार चांगलं मोजलंत म्हणून हे सापडलं. चाळीसगावला माझ्या वडिलांचं गॅरेज होतं, मी शाळेतून आले की पॉइंट घासायला मलाच बसवायचे, त्यामुळे हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

कव्हर काढलेलंच आहे ना, तर आता एक करा. आर्मेचर दोन्ही अंगठ्यांनी धरा आणि सरळ वर ढकला, मग खाली दाबा. पॉइंटकडे बघत राहा. काहीही न फिरवता पॉइंटची गॅप बदलताना दिसली, किंवा हाताला बारीकसं "टक" लागलं, तर उजवीकडचं क्रँकचं बेरिंग गेलंय. येझदीत पॉइंट उघडणारा कॅम आर्मेचरच्या टोकाला आणि आर्मेचर सरळ क्रँकच्या टोकाला, मधे वेगळा आधार कुठलाच नाही. बेरिंग ढिलं झालं की क्रँकचं टोक नाचतं, टोक नाचलं की कॅम नाचतो, मग टायमिंग कसं थांबेल. आर्मेचर बाहेरच्या फील्डला (डायनॅमोच्या न फिरणाऱ्या भागाला) घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात का तेही बघा, बहुतेक दिसतील.

आणि तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये ज्या दोन "बारीक" गोष्टी लिहिल्या ना, माझं लक्ष तिथेच अडकलं होतं. रेस सोडल्यावर वेग उतरत नाही, आणि पॉइंट तेलकट होतात. टू-स्ट्रोकला खालची क्रँककेस हवाबंद लागते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे ओढलं जातं, दाबलं जातं आणि मग वर जातं. उजव्या बेरिंगच्या बाहेर ऑइल सील असतं. क्रँक नाचायला लागली की सीलची ओठासारखी कड खाल्ली जाते. मग पिस्टन वर जाताना तिथून बाहेरची फुकटची हवा आत शिरते आणि पिस्टन खाली येताना आतलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल बाहेर फवारलं जातं, ते जातं कुठे, तर थेट पॉइंटवर. आत फुकटची हवा आली की मिश्रण पातळ, पातळ मिश्रण गरम जळतं, आणि रेस बंद केली तरी इंजिन त्या हवेवर गुंगुं करत राहतं. पालच्या चढावर जी कडकड झाली त्यात मेस्त्रीचं पुढे गेलेलं टायमिंग होतंच, पण माझ्या मते अर्धा वाटा ह्या सीलचा आहे. किक उलटी मारते तेही कधी मारते कधी नाही, कारण टायमिंगच दर फेरीला वेगळं.

म्हणजे मेस्त्री आणि आतेभाऊ दोघंही प्लेट सरकवून नाचणाऱ्या कॅमच्या मागे पळत होते. आता तुम्ही पण नका पळू. आणि ही गाडी अशीच दामटू नका, आर्मेचर फील्डमध्ये अडकलं तर डायनॅमो जाईल आणि पातळ मिश्रणाने पिस्टन पकडलं तर सिलिंडर.

इंजिन उतरवावं लागेल, क्रँककेस दोन भागात खोलावी लागेल. उजवीकडचं एकच बदलू नका, दोन्हीकडची बेरिंग आणि दोन्ही सील एकदमच टाका, खोलायची मजुरी दोनदा कशाला. बेरिंग घेताना सी३ मागा, त्यात गोळ्यांना थोडी जास्त मोकळीक असते, इंजिन तापून धातू फुगला तरी जाम होत नाही. दुकानदार "सगळी सारखीच" म्हणेल, त्याचं ऐकू नका. बेरिंग हातोड्याने ठोकून बसवणारा दिसला तर गाडी तशीच टेम्पोत घालून परत आणा, केस गरम करून बेरिंग आपसूक आत पडलं पाहिजे. डावीकडचं सील पण बघून घ्या, ते गेलं असेल तर गिअरचं ऑइल क्रँकेत ओढलं जातं आणि गाडी धुराचे लोट सोडते, तुमची सोडत नाही म्हणजे ते अजून जिवंत असावं, पण बदलाच.

तात्या_भुसावळ

ताई, शाब्बास. मी "तीन वेळा मोज" म्हणालो होतो ते ह्याच्यासाठीच, पण सीलचं आणि तेलकट पॉइंटचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी पॉइंटच्या वंगणाच्या नमद्याला कोणी जास्त ऑइल पाजलं असेल असं धरून चाललो होतो.

आरडी_धुळे

अंगठ्याची टेस्ट मी आत्ता माझ्या ३५० वर पण करून आलो 😅 मजबूत आहे. रात्री झोप लागेल.

केळीवाला_रावेर

मंडळी उशीर झाला, केळीची कापणी चालू होती.

ताईंनी सांगितलं तसं आर्मेचर वर ढकललं आणि आप्पांना पॉइंटकडे बघायला सांगितलं. आप्पा म्हणे, "उघडं व्हयनं ना भो, हात बी नही लावा ते!" टक पण लागलं हाताला. फील्डच्या खालच्या बाजूला नखाएवढी चकचकीत पट्टी, आर्मेचर घासलेली.

इंजिन उतरवून जळगावला एका वयस्कर माणसाकडे नेलं, त्याने आमच्यासमोर केस स्टोव्हवर तापवली आणि बेरिंग खरंच नुसतं सोडलं की "ठप" करून आत बसलं, मी मोबाइलमध्ये शूट करायला गेलो तर तेवढ्यात झालं पण. जुनं उजवं सील दाखवलं, कडेला रबर कुठे होतं आणि कुठे नव्हतं तेच कळत नव्हतं, बोटाने चुरा निघाला. जुनं बेरिंग आता आप्पांनी खिडकीत ठेवलंय, येईल त्याला फिरवून दाखवतात, खडखड वाजतं.

गाडी जोडल्यावर तात्यांच्या पद्धतीने परत सगळं पहिल्यापासून. गॅप ०.४. पॉइंट नवीन म्हणून प्लेट ३.२ ला लावली. बल्ब पेटला ३.२. परत ३.२. परत ३.२. चौथ्यांदा आतेभावाला मोजायला दिलं, त्याला ३.१५ आलं, पण त्याला व्हर्नियर वाचता येत नाही असं आमचं ठरलंय.

किक दुसरी. उलटी नाही. रेस सोडली की लगेच खाली. काल संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मी मागे बसून पालच्या चढाला घेतली, तिसऱ्या गिअरला सगळा चढ, आतून एक कडकड नाही. वर पोचून प्लग काढून बघितला तर चहासारखा रंग. आज दीडशे किलोमीटर झाले, पॉइंट उघडून बघितले, कोरडे आहेत.

आखाजीला अजून नऊ दिवस आहेत आणि आप्पांनी आत्ताच भाच्यांची नंबर लावून यादी केली आहे, कोण आधी मागे बसणार त्याची.

एकच राहिलं, रिकाम्या वेगाला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, रेस दिली की जातो. फील्डला घासलं होतं त्याचा परिणाम आहे का रेग्युलेटर बघू? का त्याचा वेगळा धागा काढू?

तात्या_भुसावळ

वेगळा काढ. आणि आधी आर्मेचरचे ब्रश किती उरलेत ते मोजून लिही.